युनियनच्या बॅनरवर वारली चित्र घ्यायचंय?

मी बोईसरच्या एका कारखान्यात युनियनचा चिटणीस होतो. एका मे दिनाला फ्लेक्सवाल्याला सांगितलं, "लाल बावटा ठेव, बाजूला काहीतरी वारली टाक." त्याने नेटवरून लग्नचौक उचलला, मधोमध पालघाट देवी, वारल्यांच्या लग्नातली देवी. पॅकिंगमधली एक वारली मावशी गेटवर फ्लेक्स बघत थांबली आणि म्हणाली, "लगीन कोणाचं हाय?"

चौक लग्नघरात सुवासिनी मांडतात, तांदळाच्या पिठाने, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. आमचा फ्लेक्स सभा संपल्यावर कुणाच्या तरी स्कूटरवर झाकण म्हणून गेला असता. त्याच दुपारी उतरवला.

तेव्हा पहिलं काम चित्राचं नाही. खात्याखात्यात वारली, कातकरी, मल्हार कोळी किती आणि त्यांतले सभासद किती, ते वहीत लिहा. आमच्याकडे ते जवळपास सगळे कंत्राटी निघाले, आणि कंत्राटी कामगाराची सभासदत्वाची पावती आम्ही फाडतच नव्हतो. आधी पावत्या फाडा. मग त्यांच्यातल्या दोघा-तिघांना, एका बाईला तरी, कमिटीत घ्या आणि चित्र काय असावं ते त्यांनाच ठरवू द्या.

आमच्याकडे ठरलं ते मला सुचलं नसतं. देव नको, 1945 काढा. त्या वर्षी 23 मेला तलासरीजवळ झरी गावात लाल बावट्याच्या किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांच्या सभेला हजारो वारली जमले आणि वेठ (जमीनदाराकडची फुकटची सक्तीची मजुरी), लग्नगडी बंद म्हणाले. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको सावकाराकडे राबायचे, ते लग्नगडी. 10 ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघं गेले. म्हणजे लाल बावटा इथे तारापूरच्या एमआयडीसीच्या आधीपासून आहे. आम्हीच उगाच तो मुंबईहून आणल्यासारखे मिरवत होतो.

कापड घ्या, फ्लेक्स नको. गेरूचा रंग, वर पांढरं. चित्रकार डहाणू-गंजाडकडचा बघा. नावाजलेले वारली चित्रकार जिव्या सोमा मशे तिकडचेच. मजुरी आधी ठरवा, युनियनच्या फंडातून द्या, पावती घ्या. "आपलीच युनियन आहे, सांभाळून घे" असं चुकूनही म्हणू नका. त्याला आपल्याकडे वेठ म्हणतात.

तारपावाला (तारपा म्हणजे वारल्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य) बोलावणार असाल तर त्याला दोन भाषणांच्या मध्ये पाच मिनिटं कोंबू नका. नाच तारप्याभोवती फिरतो, रांग लांबत जाते. खुर्च्या मागे सरकवा, मैदान मोकळं ठेवा, आणि आमच्यासारख्यांची भाषणं आधीच उरकून घ्या.