डिलिव्हरीची तारीख काढताना या चुका टाळा

फाइलमध्ये तीन सोनोग्राफी रिपोर्ट, तिन्हींवर तारीख वेगळी, आणि मोबाइलमधलं ॲप चौथीच सांगतंय. अशा वेळी बहुतेक जण सगळ्यात नवा रिपोर्ट खरा धरतात. करायला हवं नेमकं उलटं.

पहिल्या तीन महिन्यांत सगळ्या बाळांची वाढ जवळपास एकाच वेगाने होते. त्यामुळे डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी, म्हणजे रिपोर्टवरचा 'सीआरएल', मोजून काढलेली तारीख पाच ते सात दिवसांच्या फरकाने बरोबर येते. पुढे कुणाचं बाळ अंगाने लहान, कुणाचं थोराड. शेवटच्या तिमाहीत हा फरक तीन आठवड्यांपर्यंत जाऊ शकतो. मशीन मात्र दर वेळी आकारावरून वय काढतं आणि त्या हिशोबाने नवी तारीख छापतं. समजा, आधी ठरलेल्या तारखेनुसार ३२ आठवडे झालेत आणि रिपोर्ट म्हणतोय ३०. याचा अर्थ डिलिव्हरी दोन आठवडे पुढे गेली असा नाही. बाळाची वाढ नीट होतेय ना, हे डॉक्टरांनी पाहायला हवं, असा आहे. तिथे तारीखच बदलून टाकली तर वाढ खुंटल्याची खूण झाकली जाते. इतर चुकांनी फार तर गोंधळ होतो. ही चूक बाळाला महागात पडू शकते.

आता पाळीवरून काढायचा हिशोब. तो शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून सुरू होतो. पाळी संपली तो दिवस, पाळी चुकली तो दिवस किंवा टेस्ट पॉझिटिव्ह आली तो दिवस, यातला कोणताच धरायचा नाही. त्या पहिल्या दिवसात २८० दिवस मिळवायचे. प्रत्यक्ष गर्भधारणा साधारण दोन आठवड्यांनी होते, म्हणून पाळी चुकते तेव्हाच 'चार आठवडे' झालेले असतात. हे ऐकून दचकायचं कारण नाही.

तोंडी हिशोबाला नऊ महिने आणि सात दिवस मिळवतात. जर्मन प्रसूतितज्ज्ञ नेगेले यांच्या नावाने ही रीत ओळखली जाते. १० मार्चची पाळी असेल तर या रीतीने १७ डिसेंबर येतो, २८० दिवस मोजले तर १५ डिसेंबर. महिने कमी-जास्त दिवसांचे असतात, एवढंच त्यामागचं कारण. त्यावर वाद घालू नका.

खरी अडचण येते ती चक्राची. वरचा हिशोब २८ दिवसांच्या नियमित पाळीसाठी आहे. तुमचं चक्र नियमित पण ३५ दिवसांचं असेल तर तारीख सात दिवस पुढे जाते, २४ दिवसांचं असेल तर चार दिवस अलीकडे येते. पाळी अनियमित असेल, गर्भनिरोधक गोळ्या नुकत्याच बंद केल्या असतील किंवा अंगावर पाजत असताना दिवस गेले असतील, तर पाळीवर विसंबूच नका. लवकर सोनोग्राफी करून घ्या. पाळीच्या सुमारास नुसते डाग दिसले आणि त्यालाच पाळी समजलं, तर हिशोब थेट चार आठवड्यांनी चुकतो. त्यामुळे शेवटची पाळी नेहमीसारखी होती का, हे डॉक्टरांना सांगाच.

पाळी आणि पहिली सोनोग्राफी जुळत नसेल तर? अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या नियमानुसार नऊ आठवड्यांच्या आत पाच दिवसांहून जास्त, आणि त्यानंतर १४ आठवड्यांच्या आत सात दिवसांहून जास्त फरक असेल, तर सोनोग्राफीची तारीख धरतात. त्याहून कमी फरक असेल तर पाळीची कायम ठेवतात. कोणती धरली हे डॉक्टरांना विचारून फाइलच्या पहिल्याच पानावर ठळक लिहून घ्या.

आयव्हीएफमध्ये पाळीचा प्रश्नच येत नाही. पाच दिवसांचा भ्रूण सोडला असेल तर त्या दिवसापासून २६१ दिवस, तीन दिवसांचा असेल तर २६३.

आणि ठरलेल्या तारखेलाच सुट्टी टाकून बसू नका. नेमक्या त्या दिवशी शंभरात जेमतेम चार-पाच जणीच बाळंत होतात. ३७ आठवड्यांनंतर केव्हाही कळा येऊ शकतात, म्हणून बॅग तेव्हाच भरलेली असावी. तारीख उलटली तर तपासण्या चुकवू नका; ४१ आठवडे झाले की पुढे काय करायचं ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. बाळाची हालचाल कमी वाटली तर मात्र तारखेकडे न पाहता लगेच दवाखाना गाठा.