गच्चीवरची कोजागिरी आणि किलोभर पॉपकॉर्न: काय काय काढून ठेवायचं

यंदा आमच्या सांगलीतल्या विश्रामबागच्या अपार्टमेंटच्या कोजागिरीत दूध वरच्या वहिनींकडे, भडंग खालच्या काकूंकडे आणि पॉपकॉर्न माझ्याकडे आलेत. माणसं तीसेक, म्हणून आधी हिशोब करून ठेवते. माणशी ३० ग्रॅम दाणे धरले की जवळजवळ किलो होतं, ऐकायला कमी वाटतं पण १०० ग्रॅमचे फुलून तीनेक लिटर होतात म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला छोटं पातेलंभर येतंय, बास झालं, दूध पण प्यायचंय. पाच लिटरच्या कुकरात एका घाण्याला अर्धी वाटी म्हणजे साठेक ग्रॅम, त्याच्या वर जायचं नाही, तर असे सोळा-सतरा घाणे आणि एकेक पाच मिनिटांचा धरला तरी एका शेगडीवर दीड तास उभं राहायचं. त्यामुळे दोन कुकर, दोन्ही बर्नर, आणि सिलेंडर संपत आलाय का ते आदल्या दिवशीच हलवून बघायचं.

दाणे मात्र आठ-दहा दिवस आधी आणा, आदल्या दिवशी नाही. गेल्या वर्षी मी शहाणपणा करून कोंबड्यांना घालतात तो मका अर्धा किलो आणला, म्हटलं मका तो मका. कढईत अर्धा तास परतला, भाजून तपकिरी झाला, फुलला एकही नाही, सासूबाई म्हणाल्या फुटाणे झालेत म्हणून खाऊया, तर ते दाताला पण ऐकेनात. पॉपकॉर्नचा मका वेगळ्या जातीचा असतो, त्याचं टरफल घट्ट असतं आणि आत १४ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. दाणा १८० डिग्रीला गेला की त्या पाण्याची वाफ आत कोंडते, दाब बाहेरच्या हवेच्या नऊपट वगैरे होतो, मग टरफल फुटतं आणि आतला मऊ झालेला स्टार्च फुगून बाहेर येतो. साध्या मक्याचं टरफल ती वाफ धरून ठेवत नाही. पॉपकॉर्नच्या दाण्यालाही कुठं बारीक चीर असली की वाफ निसटते आणि तो खाली गणंग म्हणून राहतो. स्वीटकॉर्न वाळवून बघू का असं कुणीतरी विचारणारच, तर नका.

आणलेल्यातले वीस दाणे त्याच दिवशी फोडून बघा. पाच-सहा गणंग राहिले तर दाणे वाळलेत असं समजायचं, टाकून द्यायचे नाहीत. बरणीत दोन वाट्या दाण्याला एक छोटा चमचा पाणी घालायचं, झाकण घट्ट लावायचं आणि दोन-तीन दिवस येता-जाता हलवायचं, दाणे ते पाणी पिऊन टाकतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फुटांवर गेलं हे पावसाळाभर मोबाईलवर बघत बसणाऱ्या आपल्या लोकांना एक चमचा मोजायला अवघड जाऊ नये, पण गेल्या खेपेला आमच्याकडे कुणीतरी अंदाजानं ओतलंच आणि दाण्यांना मोड यायची वेळ आली.

आता कुकर. रिंग आणि शिट्टी दोन्ही काढून वेगळ्या डब्यात ठेवायच्या, झाकण नुसतं वर ठेवायचं, लावायचं नाही. हे लिहायला नको पण लिहिते, कारण घाईत कुणीही लावेल. वाफ बाहेर गेलीच पाहिजे, नाहीतर कुरकुरीत ऐवजी चिवट होतात. तेल रिफाइंडच घ्या, घाण्याचं शेंगतेल चवीला चांगलं पण लवकर धुरावतं. अर्ध्या वाटीला दीड मोठा चमचा तेल, त्यात चिमूटभर हळद (सांगलीत राहून पांढरे पॉपकॉर्न कशाला खायचे) आणि मिक्सरला फिरवलेलं बारीक मीठ. आधी तीनच दाणे टाकायचे, तिन्ही फुटले की बाकीचे घालून कुकर अर्धा मिनिट गॅसवरून उतरवून ठेवायचा, मग परत चढवायचा. त्यानं सगळे दाणे एकसारखे तापतात आणि मग एकदम फटाक्याची माळ लागल्यासारखे फुटतात. दोन आवाजांच्या मध्ये दोन सेकंद जायला लागले की लगेच परातीत, शेवटच्या चार दाण्यांच्या मोहात अख्खा घाणा करपतो.

दोन-तीन आजी-आजोबांना तेल चालत नाही, त्यांच्यासाठी मिठातले. माझं माहेर शिराळ्याकडचं, नागपंचमीच्या आधी जोंधळ्याच्या लाह्या गरम वाळूत फोडलेल्या बघितल्यात, तोच प्रकार. जाड लोखंडी कढई, त्यात तीन वाट्या मीठ चांगलं तापवायचं, मूठभर दाणे, झाऱ्यानं सारखं हलवायचं, फुटायला लागले की झाकण, मग चाळणीनं चाळून घ्यायचे. फार खारट होत नाहीत, मीठ खाली राहतं, काळपट झालं तरी बरणीत भरून पुढच्या वेळेला वापरायचं.

मायक्रोवेव्हवर तीस माणसांचं होत नाही, पण कुणी उशिरा आलं तर बरं पडतं. काचेच्या भांड्यात पाव वाटी दाणे, वर मायक्रोवेव्हला चालेल असं ताट ठेवायचं, तीन मिनिटांच्या आसपास, तिथंही कान देऊन थांबायचं. रद्दीच्या कागदात वगैरे करू नका. मशीन कुणाकडे असेल तर आणा, माझ्याकडे नाही.

बटर आणायचं नाही यावर मी ठाम आहे. बटरमध्ये सोळा टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, गरम करून वर ओतलं की पॉपकॉर्न जागच्या जागी आक्रसतात, आणि सुरुवातीपासून घातलं तर करपतं. साजूक तुपाची छोटी वाटी काढून ठेवा, त्यात सालासकट ठेचलेला लसूण, कडीपत्ता अगदी चुरचुरीत होईपर्यंत, गॅस बंद करून लाल तिखट, थोडी पिठीसाखर, म्हणजे भडंगाचाच मसाला. कडीपत्ता धुतला असेल तर पंच्यानं टिपून घ्या.

गरम पॉपकॉर्न लगेच डब्यात भरून झाकण लावलं की स्वतःच्याच वाफेनं सादळतात, हे दरवर्षी होतंय. दोन मोठ्या पराती, सुती कापड, दहा मिनिटं पसरून गार, मग डब्यात. वर गच्चीवर नऊनंतर दव पडायला लागतं, त्यामुळे डबे जिन्यातच ठेवायचे आणि लागतील तसे वर न्यायचे. तरी मऊ पडलेच तर कोरड्या कढईत मंद आचेवर दोन मिनिटं. गणंग वेचायला वेगळी वाटी ठेवा, एका आजोबांची कवळी आहे, आणि चार वर्षांखालच्या पोरांना द्यायचेच नाहीत, घशात अडकतात, त्यांना केळं द्या.

सांडशी दोन काढायच्या. एक दूधवाल्या वहिनी दरवर्षी वर घेऊन जातात ती दिवाळीपर्यंत खाली येत नाही.