राज्यशास्त्राच्या संशोधनपत्रिकेची सायटेशन्स मोजताना

राज्यशास्त्रातील एखाद्या संशोधनपत्रिकेचा ग्रंथमितीय, म्हणजे प्रकाशने आणि त्यांचे उल्लेख (सायटेशन्स) मोजून करायचा, अभ्यास हाती घेणाऱ्या नवख्या विद्यार्थ्यांना मी सुरुवातीला एवढेच सांगते, की डेटाबेसमधून नोंदींची फाइल उतरवून घेतल्यावर लगेच आकडेमोडीला लागू नये. आधी नोंद शोधनिबंधाची की परीक्षणाची हे सांगणारा ‘डॉक्युमेंट टाइप’चा रकाना नीट वाचून काढावा. ‘अमेरिकन पोलिटिकल सायन्स रिव्ह्यू’ हे माझे नेहमीचे उदाहरण. १९०६ पासून निघणाऱ्या या पत्रिकेत अनेक दशके शोधनिबंधांच्या जोडीने पुस्तक-परीक्षणे मोठ्या संख्येने छापली जात. २००३ मध्ये ही पत्रिका काढणाऱ्या अमेरिकन पोलिटिकल सायन्स असोसिएशननेच ‘पर्स्पेक्टिव्ह्ज ऑन पॉलिटिक्स’ सुरू केले आणि परीक्षणे तिकडे गेली. सरसकट नोंदी मोजून वर्षवार आलेख काढला, की तिथे उतार दिसतो आणि ‘संशोधनात घट झाली’ हे वाक्य प्रबंधात बिनदिक्कत येऊन बसते. वास्तविक ती घट परीक्षणांची असते.

हाच रकाना इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे पत्रिकेतील लेखामागे सरासरी किती उल्लेख मिळतात याचे माप, समजून घेतानाही उपयोगी पडतो. मागील दोन वर्षांतल्या मजकुराला चालू वर्षात मिळालेल्या उल्लेखांना त्या दोन वर्षांतील शोधनिबंध व आढावालेखांच्या संख्येने भागतात. परीक्षणे छेदात धरत नाहीत, त्यांना मिळालेले उल्लेख अंशात मात्र जमा होतात.

दोन वर्षांची ही मुदत आपल्या विषयाला फार तोकडी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. बॅकरॅक आणि बॅराट्झ यांनी सत्तेच्या दोन रूपांविषयी १९६२ मध्ये याच पत्रिकेत लिहिलेला निबंध जेमतेम सहा पानांचा आहे, पण त्याला पुढे कित्येक दशके मिळत राहिलेले उल्लेख या हिशेबात येऊच शकत नाहीत. म्हणून पाच वर्षांचा इम्पॅक्ट फॅक्टर आणि ‘सायटेड हाफ-लाइफ’ (त्या वर्षी उल्लेख झालेल्या लेखांच्या वयाचा मध्यक) सोबत द्यावेत. मोजकेच निबंध बहुतांश उल्लेख खेचून घेतात, त्यामुळे नुसत्या सरासरीवर न थांबता मध्यकही काढावा. मार्गदर्शकांनी मागितला नसला तरी.

राज्यशास्त्रज्ञ ग्रंथांतून भरपूर लिहितात. गूगल स्कॉलर ग्रंथांतले आणि प्रबंधांतले उल्लेखही धरते, तर स्कोपस व वेब ऑफ सायन्स हे उल्लेखांचे डेटाबेस निवडक प्रकाशनांपुरतेच मोजतात. तेव्हा एकाच निबंधाचे तीन ठिकाणचे आकडे जुळणार नाहीत, त्यांची बेरीज तर कदापि करू नये. प्रत्येकाचा तक्ता वेगळा ठेवावा आणि त्याखाली माहिती उतरवल्याची तारीख लिहावी, कारण तपासणाऱ्याला नंतर तेच शोधपद वापरूनही वाढलेला आकडा दिसेल.