लिखाण अडलंय? मग हा सिनेमा असा पाहा

मे महिन्यात नागपुरात दुपारी घराबाहेर पडवत नाही. कूलरमध्ये पाणी भरा, पडदे ओढा आणि फ्रेंच दिग्दर्शक फ्रांस्वा ओझोंचा २००३चा ‘स्विमिंग पूल’ लावा. पहिल्यांदा पाहताना वही बंदच ठेवा. शेवट पाहून गोंधळलात तरी अर्थ शोधायला लगेच मोबाइल उघडू नका. संध्याकाळी ऊन उतरलं की अंबाझरी तलावावर फेरी मारा, डोक्यात घोळू द्या.

सारा मॉर्टन ही लंडनची रहस्यकथालेखिका. पुस्तकं खपतात, पण तिलाच त्यांचा वीट आलाय. प्रकाशक तिला फ्रान्समधल्या आपल्या घरी पाठवतो आणि तिथे त्याची मुलगी जुली येऊन धडकते. रात्री नवनवे पुरुष, आवाज, पसारा. सारा आधी चिडते, मग चोरून बघू लागते, आणि तिचं लिखाण धावायला लागतं.

दुसऱ्यांदा पाहताना पेन्सिल घ्या आणि सारा काय खाते तेवढंच टिपा. सुरुवातीला नुसतं दही. मग फ्रिजमधलं जुलीचं खाणं, तेही गुपचूप. त्या वेळचा, साराचं काम करणाऱ्या शार्लट रॅम्पलिंगचा चेहरा नीट बघा. पोहण्याच्या तलावाकाठच्या उघड्या अंगांपेक्षा मला तिथेच वासना जास्त दिसते.

आता स्वतःकडे या. ज्याच्यावर तुम्ही विनाकारण चिडता असं एक माणूस आठवा. माझ्यासाठी ती समोरच्या घरातली सून होती. धरमपेठेत आमच्या गच्च्या समोरासमोर. सकाळी सातला ती पदर खोचून कुरडया टाकायची, फोन कान आणि खांद्यात दाबलेला, आणि मध्येच इतकी खळखळून हसायची की हातातला सोऱ्या तसाच थांबायचा. वहीत मी लिहिलं, ‘काय हा आवाज!’ त्याखालचं वाक्य यायला चार दिवस लागले: ‘मला असं हसवणारं कुणी नाही.’ दिवाळी अंकाची कथा तिथून सुरू झाली.

हे दुसरं वाक्य येईपर्यंत रोज अर्धा तास त्याच पानावर बसा. पहिलं वाक्य खोडू नका.

एक पथ्य मात्र पाळाच. सारा जुलीची डायरी चोरून वाचते, ते मला अजून खुपतं. आपण कुणाचं खासगी उघडायचं नाही. माणूस ओळखू येणार नाही इतकं बदलायचं. सुनेला मी इतवारीतल्या कापडाच्या दुकानात गल्ल्यावर बसवलं. हसणं तेवढं तसंच ठेवलं.