आवारातली थंडी : उद्या पहाटेचे किमान तापमान आज रात्रीच कसे सांगावे

वर्तमानपत्रात पुण्याचे म्हणून छापून येणारे किमान तापमान बहुधा शिवाजीनगरच्या वेधशाळेतले असते. त्याच पहाटे पाषाणला पारा त्याहून खाली उतरलेला असू शकतो आणि कोरेगाव पार्क किंवा मगरपट्ट्यात तो चार-पाच अंश वर राहिलेला असू शकतो. ज्या महाविद्यालयाच्या मैदानावर पहाटे सहाला एनसीसीची परेड असते, तिथल्या मुलांना त्या छापील आकड्याचा उपयोग बेताचाच होतो. ही उणीव एखादा विद्यार्थी दोन तापमापक, एक वही आणि रोजची पंधरा मिनिटे एवढ्या भांडवलावर भरून काढू शकतो. वसतिगृहात असताना आम्ही दोन हिवाळे हा उद्योग केला. खाली दिलेली पद्धत त्या दोन वर्षांत, बऱ्याच चुका करून, ठरत गेलेली आहे.

अंदाज नेमका कशाचा द्यायचा, हे सर्वांत आधी ठरवावे. “थंडी वाढेल” हे विधान कधीच चुकत नाही आणि म्हणून त्याला अंदाज म्हणता येत नाही. एकच आकडा सांगावा : उद्या सकाळी साडेआठपर्यंत आपल्या तापमापकावर नोंदले जाणारे किमान तापमान. साडेआठची वेळ अशासाठी, की भारतीय हवामान विभागाच्या वेधशाळांमध्येही सकाळची नोंद त्याच वेळी होते आणि आपल्या आकड्याची त्यांच्या आकड्याशी तुलना करता येते. अंदाज रात्री साडेनवाच्या आत तारखेसह फळ्यावर लिहावा. तो एकदा लिहिला की मध्यरात्री ढग दिसले तरी पुसू नये.

तापमापक कुठे आणि कसा ठेवावा

सारा डोलारा या पायरीवर उभा असल्यामुळे इथे घाई करू नये. शाळेच्या प्रयोगशाळेत दिसणारा इंग्रजी ‘यू’ आकाराचा कमाल-किमान तापमापक या कामाला उत्तम. त्यातली बारीक पोलादी काडी पाऱ्याने ढकललेल्या जागी अडकून राहते आणि सकाळी ती काडी पाहून रात्रीचे किमान तापमान कळते. काडीचे पाऱ्याकडचे टोक वाचावे आणि नोंद झाली की चुंबकाने काडी परत पाऱ्यावर आणावी. किमानाच्या बाजूची मोजपट्टी उलटी असते, म्हणजे आकडे खालच्या दिशेने वाढतात. पहिल्याच आठवड्यात आमच्यातल्या एकाने तीन दिवस चुकीचे टोक वाचले आणि आवारात थंडी अवतरल्याची बातमी तिन्ही दिवस मेसमध्ये पसरली.

विकत आणलेल्या तापमापकावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी एकत्र करून दहा मिनिटे ढवळावे आणि तापमापकाचे टोक त्यात बुडवावे. आकडा शून्य यायला हवा. तो १ आला, तर पुढच्या प्रत्येक नोंदीतून १ वजा करावा आणि तसे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

जागा निवडताना आमची मोठी चूक झाली. पहिल्या वर्षी आम्ही तापमापक खोलीबाहेरच्या गॅलरीत खिळ्याला टांगला. दिवसभर ऊन खाल्लेली विटांची भिंत रात्रभर ऊब सोडत राहते, त्यामुळे आमचा आकडा मैदानावरच्या आकड्यापेक्षा जवळजवळ तीन अंश जास्त येत होता आणि हे लक्षात येईपर्यंत अख्खा डिसेंबर वाया गेला. तापमापक इमारतींपासून दूर, गवताळ मोकळ्या जागी, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर असावा. त्याच्याभोवती झडपांची, पांढऱ्या रंगाची, हवा खेळती राहील अशी पेटी असावी आणि तिचे दार उत्तरेकडे उघडावे, म्हणजे दार उघडताना ऊन आत शिरत नाही. आवारातल्या सुताराकडून जुन्या खिडकीच्या झडपांची अशी पेटी करून घेता येते.

उंचीचा आग्रह उगाच नाही. निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकून भराभर थंड होते आणि तिच्या लगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते, त्यामुळे अशा पहाटे वसतिगृहाच्या गच्चीवर मैदानापेक्षा उबदार वाटते. त्यातही एक गंमत आहे. पुण्यात कृषी-हवामानशास्त्राचा पाया घालणारे शास्त्रज्ञ एल. ए. रामदास यांनी १९३२ मध्ये दाखवून दिले, की अशा रात्री सर्वांत गार हवा थेट जमिनीला टेकून नसते, तर जमिनीपासून वीतभर ते हातभर उंचीवर असते. हा थर आजही ‘रामदास थर’ म्हणून ओळखला जातो. तापमापक हातभर वर-खाली झाला तरी आकडा बदलतो, म्हणून एकदा ठरवलेली उंची हिवाळाभर बदलू नये.

रात्री नऊच्या चार नोंदी

रोज रात्री नऊला पेटीजवळ जाऊन चार गोष्टी लिहाव्यात : तापमान, सापेक्ष आर्द्रता, वारा आणि आकाशाचा ढगांनी व्यापलेला भाग. ढग आठ भागांत मोजण्याची रीत आहे. शून्य म्हणजे निरभ्र आणि आठ म्हणजे पूर्ण झाकलेले. वाऱ्यासाठी उपकरण नसले तरी चालते. शेकोटीचा धूर सरळ वर चढून मग आडवा पसरत असेल, तर रात्र निवांत आहे असे समजावे.

आर्द्रतेवरून दवबिंदू काढावा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते तो आकडा. आर्द्रता ५० टक्क्यांहून जास्त असेल तर एक सोपा हिशेब चालतो : १०० मधून आर्द्रता वजा करावी, उत्तराला ५ ने भागावे आणि आलेला आकडा तापमानातून वजा करावा. नऊला १९ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू सुमारे १२ अंश येतो. पारा तिथवर उतरला की दव पडू लागते, दव पडताना उष्णता बाहेर पडते आणि तापमानाच्या घसरणीला लगाम बसतो. पहाटे स्कूटरच्या सीटवरून हात फिरवला आणि तो ओला झाला, की रात्री हा लगाम बसला होता असे समजावे.

घटीचा तक्ता

नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात अंदाज न देता फक्त नोंदी घ्याव्यात. रात्री नऊचे तापमान आणि सकाळचे किमान तापमान यांतला फरक म्हणजे रात्रीची घट. निरभ्र व निवांत, विरळ उंच ढगांच्या, आणि दाट ढगांच्या किंवा वाऱ्याच्या, अशा तीन गटांत या घटी मांडाव्यात आणि प्रत्येक गटाची सरासरी काढावी. समजा निरभ्र रात्रींची सरासरी घट ९ अंश आली. आज नऊला १९ अंश असतील तर अंदाज १० अंशांचा येतो. पण वरच्या उदाहरणात दवबिंदू १२ आहे, त्यामुळे पारा १० पर्यंत जाणे अवघड. अशा वेळी आम्ही दोन्हींच्या मधला, म्हणजे ११ चा आकडा देत असू आणि तो बऱ्याचदा जमत असे. जानेवारीत पुण्यात सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो आणि त्याच सुमारास पारा सर्वांत खाली असतो. म्हणून सहाला उठून घेतलेल्या आकड्याला किमान म्हणू नये.

आवाराबाहेर काय चालले आहे

तक्ता आजच्यासारख्या रात्रींपुरताच खरा ठरतो, हवा पालटणार असेल तर तो चुकतो. त्यासाठी रोज दोन दिशांना नजर टाकावी. पहिली दिशा उत्तर. पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची प्रणाली, काश्मीर-हिमाचलात बर्फ टाकून पुढे सरकला, की त्याच्या मागून उत्तरेचे कोरडे, गार वारे मध्य भारत ओलांडून येतात आणि आधी खानदेश व निफाडला, मग पुण्याला गारठा वाढतो. निफाडचे द्राक्ष बागायतदार बागेत शेकोट्या पेटवू लागल्याची बातमी आली, की पुण्यासाठी एक-दोन दिवस आधी इशारा मिळाला असे आम्ही समजत असू. दुसरी दिशा बंगालचा उपसागर. तिथे कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले की पूर्वेकडून बाष्प येते, मळभ दाटते आणि किमान तापमान एका रात्रीत कित्येक अंशांनी चढते. ‘फेंगल’ चक्रीवादळ ३० नोव्हेंबर २०२४ रोजी पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आले, त्यानंतर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुण्यातून थंडी पळाली ती याच कारणाने.

ढग येत आहेत का, हे पाहण्यासाठी हवामान विभागाच्या संकेतस्थळावर इन्सॅट उपग्रहांची अवरक्त, म्हणजे उष्णतेवरून टिपलेली, छायाचित्रे मिळतात. रात्री साधी छायाचित्रे काळीच दिसतात, अवरक्त छायाचित्रांत मात्र उंचावरचे ढग पांढरे उमटतात. आमचा सर्वांत वाईट अंदाज हे छायाचित्र न पाहिल्यामुळेच फसला. नऊला चांदण्या लखलखत होत्या, फळ्यावर ९ लिहिले, रात्री दोनला पातळ ढगांची चादर आली आणि सकाळी आकडा १३ निघाला.

संगणकीय प्रारूपांचे अंदाजही जरूर पाहावेत, पण त्यांची मर्यादा ओळखून. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत विकसित झालेल्या आणि मे २०२५ मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ हिशेबासाठी प्रदेशाचे जे चौकोन पाडते, त्यांतला एक चौकोन सहा किलोमीटर बाजूचा आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे ४११ एकरांचे आवार अशा एका चौकोनात वीसहून अधिक वेळा मावेल. मैदानाच्या खोलगट कोपऱ्यात साचणारी गार हवा त्यात दिसणार नाही. ती आपल्या वहीतच सापडेल.

स्वतःला गुण देणे

रोज सकाळी अंदाज आणि प्रत्यक्ष आकडा यांतला फरक लिहावा. शेजारी आणखी एक स्तंभ ठेवावा : “आज होते तेवढेच उद्या” असे सांगणाऱ्या आळशी माणसाची चूक. महिन्याअखेरीस, अधिक-उणे चिन्ह न धरता, दोन्ही स्तंभांच्या सरासऱ्या काढाव्यात. या आळशी माणसाला हरवणे वाटते तितके सोपे नाही, कारण हवा स्थिर असताना तो जवळजवळ नेहमीच बरोबर असतो. पहिल्या वर्षीच्या जानेवारीत तो आमच्यापुढे होता. नंतर चिन्हे धरूनही सरासरी काढावी. ती सतत एकाच बाजूला कलत असेल, तर तापमापकाची जागा किंवा तक्ता तपासावा.

सवय झाल्यावर शक्यता टक्क्यांत सांगता येते, उदाहरणार्थ, “१० अंशांखाली जाण्याची शक्यता ७० टक्के”. तिचे गुण अमेरिकी हवामानतज्ज्ञ ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये मांडलेल्या रीतीने काढावेत. घटना घडली तर ०.७ आणि १ यांतल्या फरकाचा वर्ग, म्हणजे ०.०९. घडली नाही तर ०.७ आणि ० यांतल्या फरकाचा, म्हणजे ०.४९. सरासरी जितकी लहान, तितका अंदाज चांगला.

फळ्यावर “थंडीची लाट” हे शब्द मात्र लिहू नयेत. मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी खाली गेले, किंवा ते ४ अंश वा त्याहून कमी झाले, तरच हवामान विभाग ते शब्द वापरतो आणि तो इशारा देण्याचे काम त्यांचेच आहे. १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्यात १.७ अंश नोंदले गेले होते, तशी पहाट आलीच तर आपल्या फळ्यावर नुसता आकडा पुरेल.

फेब्रुवारीच्या मध्यानंतर दुपारी ऊन तापू लागते आणि घटीच्या सरासऱ्या बदलू लागतात. तेव्हा नोंदी थांबवाव्यात, तापमापक पुन्हा एकदा बर्फात तपासावा आणि तिन्ही गटांच्या सरासऱ्या पुढच्या वर्षीच्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ती वही ज्युनियरच्या हाती द्यावी.