पिंक फ्लॉइडची साठ वर्षं भिंतीवर आणि कानावर: जळगाव-धुळ्यात ऐकण्याची बैठक लावायची तर

पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचे अल्बम नुसते ओळीने वाजवले तर संध्याकाळ छान जाते, इतिहास मात्र कळत नाही. तो कळतो मेंबरांचं सोलो काम शेजारी मांडलं की. वरातीच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला फुटून आपली पार्टी काढतो तेव्हा अख्ख्या गावाला कळतं. इथली फाटाफूट वर्षानुवर्षं चालली होती. म्हणून आधी तक्ता, मग गाणी.

२२ बाय ३० इंचाचे चार ड्रॉइंग पेपर आणून आडवे चिकटवा. एका वर्षाला ४ सेंमी धरले तर १९६५ ते २०२४ ही ६० वर्षं २४० सेंमीत बसतात. वर वर्षांची रेघ, खाली ८-८ सेंमीच्या सहा पट्ट्या: बँड, सिड बॅरेट, रॉजर वॉटर्स, रिचर्ड राइट, निक मेसन, डेव्हिड गिलमोर. माणूस बँडमध्ये असेल तितकी वर्षं फिकट रंगवा, सोलो अल्बमला गडद ठिपका द्या.

बॅरेटचा रंग एप्रिल १९६८ला थांबतो, गिलमोरचा त्याच वर्षाच्या सुरुवातीला चालू होतो. वॉटर्स १९८५पर्यंत. मेसनची पट्टी अखंड. राइटची सर्वांत किचकट: 'द वॉल'च्या वेळी त्याला बाहेर काढलं, तरी १९८०-८१च्या कार्यक्रमांत तो पगारावर वाजवत होता आणि १९८७च्या अल्बमवर परतला तोही पगारीच. ही वर्षं तुटक रेघेने दाखवा. सरसकट रंगवलीत तर १९८३चा 'द फायनल कट' त्याच्याशिवाय का झाला, ते तक्त्यावरून समजणार नाही.

बँडच्या पट्टीत इतके टप्पे पुरेत: १९६७चा पहिला अल्बम, १९७३ 'द डार्क साइड ऑफ द मून', १९७५ 'विश यू वर हिअर', १९७७ 'ॲनिमल्स', १९७९ 'द वॉल', १९८३, १९८७, १९९४ 'द डिव्हिजन बेल', २ जुलै २००५ला लाइव्ह ८ या मदतनिधीच्या कार्यक्रमात बॅरेट सोडून चौघं पुन्हा एका मंचावर, आणि २०१४ 'द एंडलेस रिव्हर'.

आता १९७८च्या उभ्या रांगेवर लाल पेन्सिल फिरवा. त्या वर्षी बँडचा अल्बम नाही, पण गिलमोर आणि राइट दोघांचेही पहिले सोलो अल्बम आले. गिलमोरकडे त्या कामातून उरलेली एक चाल पुढे 'द वॉल'मधलं 'कम्फर्टेबली नम्ब' हे गाणं झाली. त्याच सुमारास वॉटर्सने बँडपुढे दोन कल्पना ठेवल्या. एक निवडली ती 'द वॉल'. नाकारलेली त्याने १९८४ला 'द प्रोज अँड कॉन्स ऑफ हिच हायकिंग' म्हणून स्वतःच्या नावावर काढली. ही दोन नाती बाण काढून जोडा. सगळ्या तक्त्यात बघण्यासारखी जागा हीच.

चुका बहुतेक तारखांत होतात. ॲपवर कधी कधी रीमास्टरचं, म्हणजे आवाज सुधारून काढलेल्या नव्या आवृत्तीचं वर्ष दिसतं. तक्त्यावर मूळ प्रकाशनाचंच लिहा. ध्वनिमुद्रण आणि प्रकाशन यांतही अंतर असतं. मेसनचा 'फिक्टिशस स्पोर्ट्स' १९७९ला मुद्रित झाला, आला १९८१ला. आणि त्यातली गाणी सगळी जॅझ संगीतकार कार्ला ब्लेची, म्हणजे 'सोलो' नावापुरतंच. 'द एंडलेस रिव्हर'वर राइट वाजवतो, पण तो २००८लाच गेला होता: ते वादन मुख्यतः १९९३-९४चं. अशा ठिकाणी दोन ठिपके देऊन मध्ये रेघ ओढा.

वाजवण्याचा क्रम तक्त्याप्रमाणेच ठेवा: १९६७ची दोन गाणी, बॅरेटच्या १९७०च्या सोलोतलं एक, 'एकोज' (साडेतेवीस मिनिटं), 'डार्क साइड'ची पहिली बाजू, 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'चा पूर्वार्ध, गिलमोरचं १९७८मधलं एक आणि लगेच 'कम्फर्टेबली नम्ब', वॉटर्सची १९८४ आणि १९९२ची एकेक, शेवटी 'द डिव्हिजन बेल'मधलं 'हाय होप्स'. संगीत सुमारे १०० मिनिटं, बोलणं २०. 'एकोज' मध्येच बंद करायचा मोह होतो; त्यापेक्षा दुसरं एखादं गाणं वगळा.

साऊंडवाल्याशी आदल्या दिवशीच बोला. मोबाईलची स्टिरिओ पिन मिक्सरच्या एकाच बॅलन्स्ड इनपुटला (दोन तारांमधला फरक तेवढा घेणाऱ्या) लावली तर डावं-उजवं एकमेकांना खातं आणि मधोमध असलेला गायकाचा आवाज जवळपास गायब होतो. दोन मोनो पिना निघणारी वायर मागा, त्या दोन वेगळ्या चॅनलला लावा, एक चॅनल पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे वळवा. भाषणांच्या हॉलमध्ये दोन्ही स्पीकर बहुधा मोनोवर जोडलेले असतात. 'डार्क साइड'मधल्या 'मनी'च्या सुरुवातीचा नाण्यांचा आवाज एका बाजूकडून दुसरीकडे जातोय का, ते ऐकून खात्री करा. ॲपमधला क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता पुढचं त्यात मिसळणं) आणि शफल (क्रम उलटापालटा करणं) बंद करा. 'डार्क साइड'मधली गाणी एकमेकांत मिसळलेली आहेत. फाइली वाजवणार असाल तर दोन गाण्यांमध्ये खंड पडत नाही ना, तेही तपासा.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५च्या आसपास जातो, त्यामुळे गच्चीवर बसणार असाल तर साडेसातच्या आधी कोणी येणार नाही. उघड्यावर रात्री १०नंतर लाउडस्पीकर चालत नाही, तेव्हा 'हाय होप्स' साडेनऊच्या सुमारास लागायला हवं. वीज गेली तर इन्व्हर्टरवर मोठा ॲम्प्लिफायर ओढत नाही; छोटी स्पीकरची जोडी आणि चार्ज केलेला फोन बाजूला तयार ठेवा. तक्ता भिंतीला नुसत्या सेलोटेपने लावू नका, पंख्याच्या वाऱ्याने सुटतो; वर-खाली लाकडी पट्टी लावा.