तिकिटाआधी कागद मागा : परदेशात इंग्रजी शिकवायला निघालेल्यांसाठी

मी टुरिस्ट व्हिसावर परदेशात शिकवायला गेले होते. हे आधीच सांगते, कारण पुढे जे सोसलं ते सगळं त्यातूनच आलं, आणि सोलापुरातून आजही पोरं-पोरी तशीच निघायलेत.

२०१८ सालची गोष्ट. बीए, बीएड करून मी जुळे सोलापुरातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत चार वर्षं शिकवत होते. पगार ११,००० रुपये. अण्णा, म्हणजे माझे वडील, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला. संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरली होती, त्याच आठवड्यात पुण्याच्या एका एजंटचा फोन आला. थायलंडमधली शाळा, महिन्याला ३०,००० बाट. बाट तेव्हा साधारण दोन रुपयांना पडायचा. अण्णांनी तो गुणाकार कागदावर दोनदा करून बघितला.

एजंटने १,२०,००० रुपये मागितले. आईच्या पाटल्या गहाण पडल्या. पावती मिळाली ती ‘काउन्सेलिंग फी’ची, शाळा, नोकरी, पगार यातलं त्यावर काहीच नव्हतं. “टुरिस्टवर चला, तिथं गेल्यावर व्हिसा बदलून मिळतो, सगळे असंच जातात,” असं तो म्हणाला. शाळेचं पत्र कुठं आहे, हे मी विचारलं नाही. पाटल्या गेल्यावर प्रश्न विचारायची हिंमतच राहत नाही. आता हे खरंच असू दे, एवढंच मनात घोळत राहतं. पैसे आधी घेण्यामागे त्यांचं गणित हेच असतं.

मे महिन्यात पोचले. खोन केनपासून बसने दोन तासांवरचं छोटं गाव. शाळा खरी होती आणि मुलं फार गोड होती. थाई भाषेत शिक्षकाला ‘ख्रू’ म्हणतात, आपल्या ‘गुरू’वरूनच तो शब्द तिकडे गेला. पण माझी मालक शाळा नव्हती. मधली एक कंपनी शाळेकडून पैसे घ्यायची आणि मला पगार द्यायची. ‘व्हिसाच्या कामाला लागतो’ म्हणून तिने पहिल्याच दिवशी पासपोर्ट घेतला. पहिला पगार झाला १७,००० बाट. विचारलं तर म्हणाले, करारात तसंच आहे. करार दोन भाषांत होता. शेजारच्या वर्गावरच्या थाई बाईंनी त्यांच्या भाषेतला मजकूर मला वाचून दाखवला: पगार १७,०००, बाकीचे ‘भत्ता’, तोही वर्ष पूर्ण केलं तर शेवटी. तारखा बौद्ध सनातल्या होत्या. २५६१ म्हणजे आपलं २०१८. ५४३ वजा करायचे. मी वजाबाकी केली तेव्हा कळलं, की ज्याला एक वर्षाचा करार म्हणत होते तो दहा महिन्यांचाच होता. मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत तिथल्या शाळांना मोठी सुट्टी असते. त्या काळातला पगार आणि घरभाडं कंपनीने अलगद माझ्यावर ढकललं होतं.

तक्रार करायची तर कुठे? कामाच्या परवान्याशिवाय काम करताना सापडलं तर परदेशी माणसाला तिथे ५,००० ते ५०,००० बाट दंड आणि हद्दपारी आहे. दंड मालकालाही आहे, पण वर्गात फळ्यासमोर उभी मी होते. पगार कमी दिला म्हणून कुठल्या कचेरीत गेले असते, तर तुम्ही टुरिस्ट असून शिकवता कशा, हा पहिला प्रश्न मलाच आला असता. चुकीच्या व्हिसावर बोलावणाऱ्याचा खरा फायदा इथे आहे. व्हिसाचे पैसे वाचतात ते किरकोळ. माणूस पहिल्या दिवसापासून बेकायदेशीर झाला की तो तोंड उघडत नाही, हे त्याला पक्कं माहीत असतं.

म्हणून माझं सांगणं एकच आहे. तुमची सगळी ताकद तुम्ही सोलापुरात असेपर्यंतच आहे. इथे घरी बसून, आईच्या हातचं जेवून, एखादी नोकरी नाकारायला काही लागत नाही. तिथे पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात आणि खिशात परतीचे पैसे नसताना तोच नकार द्यायला सहा महिने लागतात. मला पाच लागले. जे विचारायचं, मागायचं, तपासायचं ते तिकिटाच्या आधी.

सुरुवात व्हिसाच्या प्रकारापासून करा. थायलंडमध्ये शिकवायचं तर ‘नॉन-इमिग्रंट बी’ व्हिसा लागतो. त्यासाठी शाळेने तुमच्या नावाची पत्रं भारतात पाठवावी लागतात, ती घेऊन तुम्ही थाई दूतावासाकडे अर्ज करता, आणि तिथे पोचल्यावर वर्क परमिट निघतं. त्यावर मालकाचं आणि कामाच्या जागेचं नाव असतं. शिवाय इंग्रजी मातृभाषा नसलेल्या देशांच्या शिक्षकांकडून टोइक या इंग्रजीच्या परीक्षेचे ६०० किंवा दुसऱ्या एखाद्या परीक्षेचे तेवढ्याच तोलाचे गुण मागितले जातात, आणि तिथल्या शिक्षक परिषदेची परवानगी लागते. तिथे बीएडचं वजन मोठं आहे. ज्या एजंटला यातलं काहीच ठाऊक नाही, आणि जो फक्त १२० तासांचं टेफल (इंग्रजी शिकवण्याच्या छोट्या कोर्सचं) सर्टिफिकेट विकायला बघतो, त्याने कुणालाही नीट मार्गाने शाळेत लावलेलं नसणार. २०२३ च्या नोव्हेंबरपासून भारतीयांना व्हिसा न काढता थायलंडला फिरायला जाता येऊ लागलं, तेव्हापासून तर ‘नुसतं तिकीट काढा, बाकी आम्ही बघतो’ म्हणणारे वाढलेत. ती सवलत फिरायची आहे, शिकवायची नाही.

चीनबद्दल जरा थांबून लिहिते, कारण तिकडची ऑफर मलाही आली होती. भैय्या चौकातल्या डॉ. कोटणीस स्मारकावरून मी लहानपणापासून ये-जा करत आले. आपल्या गावचा माणूस १९३८ मध्ये युद्धात जखमी झालेल्यांची सेवा करायला चीनला गेला आणि १९४२ मध्ये तिथेच वारला, हे आम्हाला शाळेत अभिमानाने सांगायचे. त्यामुळे चीनचं नाव ऐकून अण्णा हरखले होते. ऑफर बालवाडीची होती, आणि व्हिसा ‘एम’. एम व्हिसा व्यापारासाठी असतो. नोकरीसाठी ‘झेड’ लागतो, आणि तो मिळण्याआधी मालकाला तिथल्या सरकारकडून वर्क परमिटचं पत्र काढावं लागतं. चीनमध्ये इंग्रजीच्या शिक्षकासाठी साधारणपणे इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशांचंच नागरिकत्व मागतात, भारतीय पासपोर्ट त्यात सहसा बसत नाही. बोलणं पुढे गेल्यावर त्या बाईने मला सांगितलं, की पालकांनी विचारलं तर मी साऊथ आफ्रिकेची आहे असं सांगायचं. मी फोन ठेवला. लहान मुलांच्या आईबापांशी खोटं बोलायला जो मालक सांगतो, तो पगाराच्या दिवशी माझ्याशी खरं बोलेल, यावर माझा विश्वास बसेना. तिथे बेकायदेशीर कामाला ५,००० ते २०,००० युआन दंड आहे आणि प्रकरण गंभीर असेल तर कोठडीही. शिवाय २०२१ च्या जुलैमध्ये चीन सरकारने शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांवर कडक बंधनं घातली, तेव्हा अनेक क्लासेस बुडाले. तेव्हा क्लासची ऑफर असेल तर दुप्पट सावध राहा.

दक्षिण कोरियाचा ई-२ व्हिसा इंग्रजी शिकवण्यासाठी सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. भारताशी झालेल्या आणि २०१० मध्ये लागू झालेल्या व्यापार करारामुळे आपल्या प्रशिक्षित शिक्षकांना सरकारी शाळांत सहायक म्हणून एक अरुंद वाट आहे. खासगी क्लासची ‘गॅरंटी’ देणारा मात्र सरळ खोटं बोलतोय.

आखातात आपली माणसं जास्त जातात, आणि तिथला कायदा त्यातल्या त्यात स्पष्ट आहे. यूएईमध्ये भरतीचा आणि व्हिसाचा खर्च मालकाचा. तो कामगाराकडून वसूल करायला मनाई आहे. निघण्याआधी तिथल्या कामगार मंत्रालयाच्या नमुन्यातलं ऑफर लेटर सहीसाठी येतं, आणि नंतरचा करार त्याच्याशी जुळावा लागतो. नुसतं शाळेच्या लेटरहेडवरचं पत्र आणि व्हिजिट व्हिसा आला, तर मंत्रालयाचं ऑफर लेटर मागा. प्रोबेशन सहा महिन्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

आता आपल्याकडचे एजंट. परदेशी नोकरीला माणसं पाठवायची तर परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते. ती यादी ई-मायग्रेट पोर्टलवर कुणालाही बघता येते. नोंदणी असलेल्या एजंटलाही ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपयांपेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. हे मला २०१८ मध्ये कुणी सांगितलं असतं, तर १,२०,००० चा आकडा ऐकूनच अण्णा उठून आले असते. ‘टूर्स अँड ट्रॅव्हल्स’ची पाटी लावून नोकऱ्या देणाऱ्याकडून परवान्याचा नंबर मागा आणि घरी येऊन पोर्टलवर टाका. पैसे द्यायचेच असतील तर कंपनीच्या खात्यात, पावतीवर कशाचे पैसे ते लिहून. कुणाच्या भावाच्या, मेहुण्याच्या फोनवर नाही.

कागदांची कामं स्वतः करता येतात. पदवीवर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का, घ्यायला परराष्ट्र मंत्रालयाची फी एका कागदाला ५० रुपये आहे. अपोस्टिल न मानणाऱ्या देशांसाठी साक्षांकन आणि पुढे त्या देशाच्या दूतावासाचा शिक्का लागतो. त्याआधी शैक्षणिक कागदांवर राज्याच्या पातळीवर शिक्का लागतो, त्यासाठी रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरून मुंबई गाठावी लागली तरी जा. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट पासपोर्ट सेवेतून ५०० रुपयांत निघतं. एजंट याच कामांचे हजारो लावतो आणि वर मूळ पदवी स्वतःकडे ठेवून घेतो. पदवी कुणाकडेही ठेवू नका. विद्यापीठातून दुसरी प्रत काढताना किती खेटे पडतात, ते सोलापुरात कुणालाही विचारा.

शाळेला काय विचारायचं? पगार किती, हे सगळेच विचारतात. मी आता वेगळे प्रश्न सुचवते. करारावर सही कोणाची, शाळेची की मधल्या कंपनीची? मागच्या महिन्याचा पगार कुठल्या तारखेला जमा झाला? माझ्या आधीचे शिक्षक का गेले? आठवड्याला तास किती, आणि शनिवार-रविवारचे ‘इंग्लिश कॅम्प’ त्यात धरलेत की नाही? सुट्टीतला पगार? आजारी पडले तर कापणार का? मग तिथे आत्ता काम करणाऱ्या एखाद्या परदेशी शिक्षकाशी, शक्यतो भारतीय किंवा फिलिपिनो, एकट्याने बोलायचं, मालकाच्या व्हिडिओ कॉलवर नाही. प्रामाणिक शाळा नंबर देते. अप्रामाणिक मालक चिडतो, ‘विश्वास नाही का?’ म्हणतो, आणि उद्या सकाळपर्यंत सही करा म्हणून घाई करतो. कराराची त्या देशाच्या भाषेतली प्रत आधी मागा आणि ती भाषा येणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या. पाच-सहा हजार रुपये गेले तरी चालतील.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून सांगते, कारण तिच्यात पगार बुडण्यापेक्षा पुष्कळ वाईट घडतं. ‘इंग्रजी चांगलं आहे ना, टायपिंग येतं ना, बँकॉकला या’ अशा ऑफर येतात. माणसाला बँकॉकहून गाडीने माई सॉटकडे नेतात आणि नदी ओलांडून म्यानमारच्या म्यावडीत ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यावर डांबतात. भारत सरकारने २०२२ मध्येच याबद्दल इशारा दिला होता. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांतून पाचशेहून अधिक भारतीयांना परत आणावं लागलं. शाळेचं नाव नाही, वर्ग नाही, मुलं नाहीत, आणि पगार शिक्षकापेक्षा जास्त, अशी ऑफर असेल तर उत्तरही देऊ नका.

माझं पुढे काय झालं तेही सांगते. पासपोर्ट पाच आठवडे मिळेना. शेवटी मी लेखी कळवलं, की भारतीय पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे आणि मी उद्या बँकॉकच्या दूतावासात जाणार आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो टेबलावर होता. सत्र संपल्यावर मी ती कंपनी सोडली, लाओसमधल्या सवन्नाखेतला जाऊन योग्य व्हिसा काढला, आणि नोव्हेंबरच्या सत्रापासून थेट एका शाळेच्या करारावर रुजू झाले. तिथे पगार २२,००० होता, पण बारा महिने आणि ठरल्या तारखेला. त्या शाळेत मी तीन वर्षं राहिले. पाटल्या दुसऱ्या वर्षी सुटल्या.

निघताना घरी काय ठेवावं, यावर आमच्याकडे अजून बोलणं होतं. पासपोर्ट, व्हिसा, करार यांच्या झेरॉक्स, शाळेचा पत्ता, तिथल्या भारतीय दूतावासाचा नंबर. परतीच्या तिकिटाचे पैसे आईच्या नावाने वेगळे. अडचणीत सापडलेल्या माणसाच्या घरच्यांना परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर इथूनच तक्रार टाकता येते, तेव्हा हे सगळं जवळ लागतं.

गेल्या आठवड्यात पूर्व भागातली एक मुलगी आईबरोबर घरी आली. आई विड्या वळते, मुलगी एमए. थायलंडच्याच एका शाळेचं पत्र होतं. आम्ही तिघींनी बसून सात प्रश्नांचा मेल लिहिला. चार दिवसांनी पाचांची उत्तरं आली, चांगली आली, एका फिलिपिनो शिक्षिकेचा नंबरही आला. नॉन-बीच्या पत्राचं आणि मार्च-एप्रिलच्या पगाराचं काहीच नव्हतं. “अक्का, आता काय करू?” तिने विचारलं. आम्ही तेच दोन प्रश्न पुन्हा पाठवलेत. तिकीट अजून काढलेलं नाही.